गुहागरची पाहुणी, क्रमांक 03233

तर पोरांनो, ही गोष्ट 2025 सालच्या जानेवारीतली, आणि आपल्या गुहागरची. थंडीचे दिवस. किनाऱ्यावर राखण करणाऱ्या कासवमित्रांना पुळणीत एक मादी दिसली, अंडी घालायला आलेली. त्यात नवल काही नव्हतं. थंडी पडली की ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या आपल्या कोकणात दरवर्षीच येतात. नवल होतं तिच्या पायाला. पाय कसला, वल्हंच ते. त्यावर धातूची एक बारकी पट्टी बसवलेली होती आणि पट्टीवर आकडा कोरलेला होता: 03233.

"कुणी बसवली?" मधल्यानं विचारलं.

तेच तर शोधायचं होतं. आकड्याचा माग काढला, तर तो निघाला थेट ओडिशात. तिथल्या किनाऱ्यावर हजारो माद्या एकाच वेळी अंडी घालायला वर चढतात. इतक्या, की एकीनं पुरलेली अंडी दुसरी उकरून काढते. भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेचे शास्त्रज्ञ तिथं रात्र रात्र बसून माद्यांना अशा पट्ट्या बसवतात. आपल्या 03233 ला ती बसवली होती मार्च 2021 मध्ये.

आता भिंतीवरचा नकाशा बघा. ओडिशा हा इकडे, उजव्या हाताला, बंगालच्या उपसागरावर. गुहागर तिकडे, डाव्या हाताला, अरबी समुद्रावर. मध्ये अख्खा देश आडवा पडलाय. समुद्रातून यायचं तर खाली दक्षिणेचं टोक गाठायचं, श्रीलंकेला वळसा घालायचा नाही तर रामेश्वरजवळच्या उथळ पाण्यातून वाट काढायची, आणि मग केरळ, कर्नाटक, गोवा करत वर यायचं. हे अंतर होतं साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात. ती कुठल्या वाटेनं आली, ते तिचं तिला ठाऊक. पट्टीवर नुसता आकडा असतो, प्रवासाची नोंद नसते.

तोवर जाणकारांचा समज असा, की पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिम किनाऱ्याची वेगळी. त्या समजाला पहिला धक्का दिला होता बागेश्रीनं. 2023 च्या फेब्रुवारीत गुहागरलाच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र चिकटवलं आणि तिचं नाव ठेवलं बागेश्री. तिच्याबरोबर आणखी एक होती, गुहा. गुहा लक्षद्वीपच्या बाजूला रेंगाळली. बागेश्री मात्र दक्षिणेकडे जात राहिली, श्रीलंकेला वळसा घातला आणि बंगालच्या उपसागरात शिरली. म्हणजे इकडची तिकडे गेलेली आधीच माहीत होती. 03233 नं तिकडून इकडे येऊन दाखवलं.

धाकटीनं नेमका मुद्दा पकडला. "आजोबा, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, कासवी बाळंतपणाला माहेरीच येते. मग हिचं माहेर कुठलं? ओडिशा की गुहागर?"

शाबास. हाच प्रश्न मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही विचारला. माहेरी येते हे खोटं नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा जोर आणि त्याचा कल जागोजागी थोडा थोडा वेगळा असतो. कासवाच्या पिल्लाला तो जाणवतो, त्याची खूण डोक्यात बसते आणि बारा-पंधरा वर्षांनी वयात आलेली मादी त्या खुणेच्या आधारानं आपल्या मुलखात परतते. पण ऑलिव्ह रिडले इतर समुद्री कासवांइतकी एका किनाऱ्याला चिकटून नसते. मुलूख साधारण तोच, पुळण थोडी इकडची तिकडची. आता 'थोडी इकडची तिकडची' म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर, हे मात्र कुणाच्या स्वप्नात नव्हतं. ती जन्मली कुठं, हे कुणीच सांगू शकत नाही. पट्टी बसवली तेव्हा ती मोठी बाई होती.

ते असो. गुहागरला येऊन तिनं केलं काय ते ऐका, कारण खरा चमत्कार तो आहे.

अशी मादी भरतीच्या पाण्याबरोबर रात्री वर येते. वजन चाळीसेक किलो, लांबी दोन-सव्वादोन फूट. पाण्यात पाखरासारखी तरंगणारी ही बाई वाळूत आली की पार अवघडून जाते. चार पावलं ओढते, थांबते, सुस्कारा टाकते. हो, सुस्कारा. जवळ बसलं तर स्पष्ट ऐकू येतो. कासव हवेतच श्वास घेतं हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. भरतीच्या रेषेच्या वर गेली की ती मागच्या पायांनी खड्डा खणायला लागते. मागे वळून एकदाही बघत नाही. एका पायाचा तळवा दुमडायचा, मूठभर वाळू अलगद वर काढून बाजूला ठेवायची, मग दुसऱ्या पायाची पाळी. दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद असा खड्डा तयार होतो. आपल्याला फावडं आणि बॅटरी घेऊनही इतका नेटका खणता यायचा नाही.

मग अंडी. पांढरी, मऊ सालीची, मोठ्या लिंबाएवढी. दोन-दोन, तीन-तीन करत शंभर-सव्वाशे. साल मऊ म्हणून वरून पडली तरी फुटत नाहीत. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून चिकट पाणी गळत असतं. बघणारी माणसं हळहळतात, बिचारी रडते म्हणून. ती रडत वगैरे काही नाही. खारं पाणी पिऊन अंगात साठलेलं जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. समुद्रातही ते चालूच असतं, तिथं कुणाला दिसत नाही इतकंच.

शेवटी खड्डा बुजवून ती त्यावर डोलते. अंग डावीकडे उचलून आपटते, उजवीकडे आपटते, धप धप धप, की वाळू घट्ट बसावी. सगळं काम तासाभरात उरकून जी समुद्राकडे वळते, ती त्या घरट्याकडे परत फिरकत नाही. पिल्लांचं तोंडही बघत नाही.

"मग त्यांना बघतं कोण?" थोरली जरा रागावलीच.

पूर्वी बघायचा कोल्हा. आणि कुत्री, मुंगूस, घोरपड. आणि माणूसही, ते लपवायला नको. देवळात शिरताना पायरीजवळच्या दगडी कासवाला हात लावून कपाळाला लावणारी आपली माणसं सकाळी पुळणीवर कासवीच्या पायांच्या खुणा हुडकत जायची आणि टोपलीभर अंडी घेऊन यायची. घरी खायची, विकायचीही. कुणाला त्यात पाप वाटत नसे. कायद्यानं बघाल तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात हे प्राणी आहेत, वाघाच्या पंगतीला. पण कायदा पुळणीवर रात्रीचा जागत नाही.

2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सोबती, समुद्री गरुडांची घरटी मोजत किनारा तुडवत होती. वेळासला, बाणकोटच्या खाडीच्या अलीकडे, नाना फडणवीसांच्या गावी, त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. गेली होती गरुड मोजायला आणि गळ्यात पडलं कासव. त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरलं. अंडी आणून विकणाऱ्याला जागा नेमकी माहीत, म्हणून राखणदारही तोच सगळ्यात चांगला, हे त्यांना लवकर कळलं. 2006 पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला, घराघरात पाहुणे उतरू लागले, आणि अंड्यांपेक्षा पिल्लांचे पैसे जास्त येतात हा हिशोब गावाला पटला. माझ्या मते हे उपदेशापेक्षा भक्कम काम झालं.

अंडी हलवायची पद्धतही शिकण्यासारखी आहे. मादी गेली की काही तासांच्या आत घरटं उकरायचं. अंडं जसं पडलंय तसंच उचलायचं, उलटंपालटं करायचं नाही, कारण आतला जीव सालीच्या वरच्या बाजूला चिकटायला लागलेला असतो. फिरवलं की संपला. कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढाच खोल, त्याच घाटाचा खड्डा खणून ती ठेवायची, वर तारीख आणि आकडा लिहिलेली पाटी. मग पन्नासेक दिवस वाट बघायची. आणि इथं एक गंमत आहे. आत मुलगे होणार की मुली, हे वाळूचं तापमान ठरवतं. 28 अंशांच्या खाली बहुतेक सगळे नर, 31 च्या वर बहुतेक सगळ्या माद्या, मध्ये दोन्ही मिसळ.

मधला हिशोबात पक्का. "म्हणजे उन्हाळा वाढत गेला तर सगळ्या मुलीच?"

भीती तीच आहे. म्हणून कुठं कुठं हॅचरीवर सावली धरतात.

पिल्लं निघतात ती सगळी मिळून. एकट्यानं दीड फूट वाळू उपसणं शक्यच नाही. खालची ढकलतात, वरची छत पाडतात, आणि वाळू थंड झाली की एकदम उसळून वर येतात. 03233 च्या अंड्यांतूनही अशी शंभरावर पिल्लं निघाली. तळहातावर मावतील एवढी, काळी. ती जिकडे क्षितिज उजळ तिकडे पळतात. रात्री उजळ असतो समुद्र, लाखो वर्षांचा हा नियम. आता पुळणीला लागून रिसॉर्ट झाले, त्यांनी माडांना दिवे बांधले, आणि नियम उलटा झाला. पिल्लू फिरतं आणि हॉटेलच्या अंगणात जाऊन पोहोचतं. उपाय तसा सोपा: पिल्लं निघतात त्या दोन-तीन महिन्यांत समुद्राकडचे दिवे मालवा, नाही तर झाकून खाली वळवा. कासवमित्र लाल बॅटरी वापरतात ते याचसाठी, लाल उजेड कासवांना फारसा दिसत नाही. आणि महोत्सवाला जाल तेव्हा पिल्लू हातात घेऊन फोटो काढायला मागू नका. ते त्याच्या पायानंच समुद्रात गेलं पाहिजे.

एवढं सगळं करूनही हजारातलं एखादंच वयात येतं, असा अंदाज आहे. मासे, पक्षी, खेकडे यांनी खाल्लेली गेली. त्यात आपला प्लास्टिक कचरा. काही आठवडे समुद्रात भिजलेल्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं आणि त्याला कासवाच्या खाण्याचा वास येतो, हे प्रयोगात दिसलंय. शिवाय टाकून दिलेली जाळी. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर त्यांत गुरफटलेली, पाय तुटलेली कासवं लागतात. डहाणूला अशांसाठी उपचार केंद्रच आहे.

पण मोठ्या मादीचा खरा काळ वेगळा. मघाशी म्हणालो ना, कासव हवेत श्वास घेतं? निवांत पडलेलं कासव पाण्याखाली कितीतरी वेळ राहू शकतं. घाबरून झटापट करणाऱ्या कासवाची हवा मात्र भराभर संपते. कोळंबीसाठी ट्रॉलर तळाला जाळं टाकतो आणि ते दोन-दोन, तीन-तीन तास ओढत नेतो. ज्या उथळ पाण्यात कोळंबी असते, तिथंच अंडी घालायला आलेल्या माद्या किनाऱ्याजवळ थांबलेल्या असतात. जाळ्याचं तोंड आलं की मादी त्याच्यापुढे पळते, थकते, आत जाते. आणि गुदमरते. तिला मारायचं कुणाच्याच मनात नव्हतं. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, तिचं काही मोल नाही, तिच्यामुळे उलट कोळंबी चेंगरते.

ओडिशात यावर बंदीचा उपाय केला. नोव्हेंबर ते मे या महिन्यांत घरट्यांच्या किनाऱ्यांसमोर मासेमारी बंद, तटरक्षक दलाची गस्त. माद्या त्यानं वाचतात हे खरं, पण सात महिने होडी बांधून ठेवणाऱ्या लहान कोळ्याच्या चुलीचं काय, हा प्रश्न तिथं कायम धुमसत असतो.

दुसरा उपाय एका मच्छीमारानंच शोधला, आणि तोही कासवासाठी नाही! अमेरिकेत जॉर्जिया नावाचं राज्य आहे. तिथं सिंकी बून नावाचा कोळंबीवाला होता. 1960 च्या दशकातली गोष्ट. त्याच्या जाळ्यात जेलीफिश इतके भरायचे, की जाळं वर ओढवेना. त्यानं जाळ्याच्या पोटात तिरकी लोखंडी गजांची चौकट बसवली आणि वर एक झाकणाचं भोक ठेवलं. कोळंबी गजांतून मागे जाई, जेलीफिश गजांना आपटून भोकातून बाहेर. मग लक्षात आलं, की कासवही त्याच वाटेनं बाहेर पडतं. पुढे 1987 साली अमेरिकेच्या सरकारनं अशी चौकट सक्तीची केली, आणि ज्यांच्यातल्याच एकानं ती बनवली होती त्या मच्छीमारांनी 1989 साली आपल्या बोटी आडव्या लावून टेक्सासची बंदरं अडवली! त्यांचं म्हणणं, भोकातून आमची कोळंबीही जाते.

हे भांडण मग आपल्यापर्यंत पोचलं. अशा चौकटीशिवाय धरलेली कोळंबी आम्ही घेणार नाही, असं अमेरिकेनं सांगितलं. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेकडे गेले, 1998 साली निकाल लागला. नियम ज्या भेदभावानं राबवला तो चूक ठरला, पण कासवासाठी नियम करणं चूक ठरलं नाही. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं आपल्या जाळ्यांना बसेल आणि कोळंबी कमी सांडेल अशी चौकट तयार केली. तरी ती सगळीकडे बसली नाही, आणि काही वर्षांपूर्वी अमेरिकेनं भारताच्या समुद्रातल्या कोळंबीला दार लावलं. तळ्यातली चालते, समुद्रातली नाही. म्हणजे चौकट बसवून सांडली असती त्याहून जास्त कोळंबी ती न बसवल्यानं घरीच राहिली.

"पण आपल्याकडे तर लहान होड्याही आहेत," थोरली म्हणाली. "त्यांच्या जाळ्यात गज कुठून बसणार?"

बरोबर. पाण्यात उभ्या राहणाऱ्या जाळ्यात कासवाचे पाय आणि मान गुंतते, तिथं चौकटीचा उपयोग नाही. तिथं सुरी. हर्णैच्या बंदरात ओळखीचा एक तांडेल आहे, त्यानं मला सांगितलं. रात्रीची वेळ, होडी हलतेय, जाळं ओढताना जड लागलं. वर आलं तर कासव, नायलॉन मानेत रुतलेलं. एका खलाशानं पाठ धरली, यानं सुरी घातली. तर दुसरा ओरडला, "आधी मोबाइल काढ, फोटो पाहिजे!" कारण आपल्या राज्यात डिसेंबर 2018 पासून योजना आहे. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, पण पुरावा लागतो. एका हातात सुरी, एका हातात फोन, आणि पायाखाली होडी.

कासव हालचाल करत नव्हतं. तांडेलाला वाटलं मेलं, टाकावं पाण्यात. पण तसं करायचं नसतं. बेशुद्ध कासव पाण्यात टाकलं तर ते खरोखरच बुडून मरतं. त्याला पोटावर ठेवायचं, मागचा भाग वीतभर उंच करायचा म्हणजे फुप्फुसातलं पाणी उतरतं, सावलीत ठेवायचं, ओलं फडकं घालायचं आणि थांबायचं. कधी चार तास, कधी अख्खा दिवस. यांच्या कासवानं पहाटे डोकं उचललं आणि खलाशाच्या चपलेचा चावा घेतला. मग सोडलं.

मधला अजून हिशोबातच होता. "पंचवीस हजारात नवं जाळं येतं?"

लहान जाळं असेल तर येतं. मोठं असेल तर त्याचा तुकडा येतो. अर्ज भरायचा, होडीची कागदं जोडायची, पंचनामा, मग पैसे खात्यात.

"आणि जाळ्यात आलेले मासे? सुरी घातली तेव्हा ते पण गेले ना?"

गेले. भरपाई जाळ्याची असते. माशांचे पैसे कुणी देत नाही, ते तांडेलानं घातले.